मधली हवा

प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावायला फार वेळ लागत नाही. सिरिंजमधून एक ठिपका पडतो, त्यावर कूलर बसतो, चार स्क्रू आवळले जातात आणि तो करडा थर पुढची काही वर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. संगणक घेणारा माणूस रॅम किती ते विचारतो, हार्डडिस्क विचारतो, स्क्रीन किती इंची ते विचारतो. पेस्ट कशी लावली, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. तरी मुंबईच्या दहिसरमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे संगणक जोडताना, उघडताना माझा जीव सगळ्यांत जास्त रमतो तो याच कामात. बाकीचे भाग खाचेत बसवायचे असतात. खाच चुकली तर ते बसतच नाहीत, म्हणजे चूक जागच्या जागी कळते. पेस्ट कशीही लावा, मशीन सुरू होतं. पडदा उजळतो, घरातली माणसं खूश होतात, चहा होतो. काम चांगलं झालं की वाईट, हे त्या दिवशी कळत नाही. ते कळतं मे महिन्यात.

दहिसरच्या घरांत संगणकाची जागा बहुधा ठरलेली असते. हॉलचा कोपरा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट, आणि टेबलाखालच्या लाकडी खणात कोंबलेलं कॅबिनेट. एसी असला तर तो बेडरूममध्ये. मे महिन्यात दुपारी हॉलमधलं तापमान ३३-३४ अंश सहज असतं आणि खाडीकडून येणारी दमट हवा ते आणखी जड करते. परदेशातली कूलरची परीक्षणं आपण वाचतो, ती साधारण २०-२२ अंशांच्या खोलीत झालेली असतात. कूलर हवेच्या तापमानाखाली काहीच नेऊ शकत नाही. हवेपेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहणार, एवढंच त्याच्या हातात असतं. म्हणून तिथे ७५ अंशांवर सुखाने चालणारा प्रोसेसर आमच्या हॉलमध्ये ८७वर जातो. ज्याला दहा-बारा अंशांची मोकळीक आहे, त्याला पेस्ट वाईट लावलेली परवडते. आपली ती मोकळीक हवामानानेच आधी खर्चून टाकलेली असते. त्यामुळे या कामाकडे आपण जास्त काळजीने बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता ही पेस्ट लागते तरी कशाला? प्रोसेसरवरचं धातूचं झाकण सपाट दिसतं. कूलरचा तांब्याचा तळही सपाट दिसतो. काहींमध्ये तर आपला चेहरा दिसतो. बोट फिरवलं तर दोन्ही गुळगुळीत लागतात. पण बोटाला जे कळत नाही ते उष्णतेला कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दोन्ही पृष्ठभागांवर डोंगर-दऱ्या असतात, यंत्राने कापल्याच्या रेघा असतात, आणि झाकण मधोमध किंचित फुगलेलं किंवा खोलगट असतं. दोन्ही एकमेकांवर दाबले तर शिखरं तेवढी शिखरांना टेकतात. उरलेल्या सगळ्या जागेत हवा राहते.

आणि हवा हा उष्णतेचा भयंकर वाईट वाहक आहे. आकडे एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघावेत. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४००, अॅल्युमिनियमची २३५च्या आसपास, हवेची ०.०२६. म्हणजे तांबं हवेपेक्षा पंधरा हजार पटींनी चांगलं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्यापैकी पेस्टचा आकडा ५च्या घरात धरला, तर ती हवेपेक्षा दोनशेपट बरी आणि तांब्यापेक्षा ऐंशीपट वाईट ठरते. या कामातलं सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे. पेस्ट ही हवेपेक्षा बरी म्हणून लावायची, आणि तांब्यापेक्षा वाईट म्हणून जिथे तांबं टेकू शकतं तिथून तिला दूर सरू द्यायचं. दऱ्या भरायच्या, शिखरं झाकायची नाहीत.

थोडा हिशेब करून बघू. समजा ६५ वॅटचा साधा प्रोसेसर आहे आणि झाकण सुमारे दहा चौरस सेंटिमीटरचं. मध्ये पेस्टचा थर ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. तर त्या थरामुळे तापमान एक अंशानेही वाढत नाही. तीच पेस्ट अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर सहा-साडेसहा अंश वाढतात. आणि त्याच ५० मायक्रॉनमध्ये नुसती हवा असती, तर फरक १२५ अंशांचा झाला असता. प्रत्यक्षात शिखरं कुठे ना कुठे टेकतात, म्हणून इतकं टोक गाठलं जात नाही. पण पेस्ट न लावता कूलर बसवला की मशीन इतकं का तापतं, ते या ढोबळ हिशेबातही दिसतं.

मला इथे आपली हेमाडपंती देवळं आठवतात. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेले, आणि कित्येक शतकं उभे. सिन्नरचं गोंदेश्वर बघताना सांध्यांवर हात फिरवला तर पाथरवटांची घडाई थक्क करते. पण वजन ही गोष्ट तशी उदार असते. दगड तीन ठिकाणी नीट टेकला तरी तो उभा राहतो. वजन त्या तीन ठिकाणांतून खाली उतरतं. उष्णतेला तीन ठिकाणं पुरत नाहीत. तिला सगळा पृष्ठभाग लागतो. काही हौशी लोक कूलरचा तळ बारीक पॉलिशपेपरवर तासन्‌तास घासून सपाट करतात, आणि त्यांनाही शेवटी पेस्ट लावावीच लागते. पाथरवटाला जे साधलं ते इथे कुणालाच साधत नाही, इतकं हे काम सूक्ष्म आहे.

संगणकाच्या उष्णतेचा प्रश्न मुंबईला प्रोसेसरच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीयांनी रचलेला मोठा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याला टिफ्रॅक हे नाव पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये दिलं. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. या नळ्यांमध्ये तार तापवूनच इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे असतात, म्हणजे उष्णता हा त्यांच्या कामाचाच भाग. पण ती काचेच्या हजारो नळ्यांमधून अख्ख्या खोलीत पसरत होती. खोली थंड ठेवली की झालं. धातूवर धातू टेकवून उष्णता पार करण्याचा सांधा तिथे नव्हता, म्हणून पेस्टही नव्हती.

तो सांधा ट्रान्झिस्टरने आणला. आपल्याकडे ही पेस्ट संगणकवाल्यांच्या आधी रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात आली, हे नव्या मुलांना ठाऊक नसतं. २एन३०५५ नावाचा जाडजूड ट्रान्झिस्टर असे, पतंगाच्या आकाराच्या धातूच्या तळाचा, दोन स्क्रूंनी अॅल्युमिनियमच्या पंखांवर आवळलेला. त्याच्या धातूच्या अंगातच वीज खेळत असे, म्हणून खाली अभ्रकाचा पातळ पापुद्रा ठेवायचा. तो वीज अडवतो आणि उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतो. त्या अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट. ही पांढरी पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलात घोटलेलं झिंक ऑक्साइड. ती बोटाला लागली की साबणाने सहजी जात नाही, आणि जुन्या मेकॅनिकच्या शर्टाच्या बाहीवर तिचा डाग हमखास असे. ज्यांनी हे काम केलं त्यांना पातळ थराचं महत्त्व कुणी शिकवावं लागलं नाही. पेस्ट जास्त झाली की अभ्रक सरकतं, सरकलं की वीज धातूला भिडते आणि ट्रान्झिस्टर जातो.

हा सगळा माल मिळायचा आणि अजूनही मिळतो तो लॅमिंग्टन रोडला. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. दहिसरहून फास्ट लोकल पकडली तर ती ग्रँट रोडला थांबत नाही. मुंबई सेंट्रलला उतरून स्लो घ्यायची किंवा सरळ चालू लागायचं. तिथल्या एखाद्या अरुंद दुकानात काउंटरवर पाचदहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी बरंच शिकायला मिळतं. पोरगा एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने प्रोसेसर बसवतो, ठिपका टाकतो, कूलरचे चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे फिरवून घेतो, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटून-पालटून आवळतो. कुठल्याही पुस्तकाशिवाय त्याचं मनगट हे सगळं बिनचूक करतं. घरपोच माल येण्याच्या दिवसांत या रस्त्यावर आता कमी जाणं होतं. पण हाताने करायच्या कामाचं शिक्षण बघून जितकं होतं तितकं वाचून होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रोसेसर मात्र या सगळ्या काळात तापतच गेले. १९९३चा पहिला पेंटियम पंधरा-सोळा वॅट घेई. २००४ च्या पेंटियम ४ च्या काही प्रकारांनी ११५ वॅटपर्यंत मजल मारली. २०२३ च्या इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, आणि ती सारी उष्णता सुमारे अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनमधून बाहेर पडते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅट. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही भार सोसत नाही. पूर्वी कूलर निसटला तर प्रोसेसर जळून जाण्याची भीती असे. २००१ च्या सुमाराचे एएमडीचे अॅथलॉन असे क्षणात जात. आताचे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच कमी करतात. हे चांगलं आहे, पण त्यामुळे एक गोष्ट झाली. पेस्टमधला दोष आता धूर होऊन दिसत नाही. तो संथपणा होऊन दिसतो. मशीन जळत नाही, फक्त रेंगाळतं. आणि माणूस म्हणतो, जुनं झालं.

आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पैसे साठवून पहिलावहिला पीसी स्वतः जोडायला घेतला आणि मला हाक मारली. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून सगळे खोके मांडलेले. सगळं तिने स्वतः केलं. पेस्टच्या वेळी मात्र सिरिंज हातात धरून थांबली.

"काका, तांदळाएवढी की वाटाण्याएवढी?"

"तुझ्या प्रोसेसरचं झाकण मोठं आहे. वाटाण्याएवढी घे. सुक्या वाटाण्याएवढी, भिजवलेल्या नाही."

"आणि पसरवायची का? कार्डने?"

"नको. मधोमध ठेव आणि कूलरला पसरवू दे."

तिला कारण हवं होतं, आणि कारण विचारणारी मुलं मला फार आवडतात. ठिपका मधोमध असला की कूलर दाबताना पेस्ट आतून बाहेर सरकते आणि पुढ्यातली हवा कडेने ढकलत नेते. आपण कार्डने पसरवली तर तिच्यावर उंचसखल लाटा उठतात, आणि वरून कूलर बसला की त्या लाटांच्या मधल्या खळग्यांत हवा कोंडली जाऊ शकते. म्हणजे जी हवा घालवायला पेस्ट आणली, तीच तिच्या पोटात राहते. निगुतीने, सारख्या जाडीची पसरवता आली तर तसंही चालतं; मोठ्या प्रोसेसरवर फुलीच्या आकारात ओढतात, तेही चालतं. या पद्धतींमधला फरक बहुतेक वेळा एक-दोन अंशांपलीकडे जात नाही, आणि त्यावरून हमरीतुमरीवर येण्यात अर्थ नाही. ज्यावरून खरोखर फरक पडतो त्या गोष्टी वेगळ्याच असतात.

पहिली म्हणजे स्वच्छता. कूलरच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकची चकती असते, ती काढली का? हे हास्यास्पद वाटेल, पण ती तशीच राहिलेली मशीन्स मी उघडली आहेत, आणि त्यांचे मालक वर्षभर पंख्याच्या आवाजाला कंटाळलेले होते. काही कूलरना कारखान्यातूनच पेस्ट लावलेली येते, तिच्यावर आणखी लावायची नाही. जुनी पेस्ट असेल तर ती पूर्ण काढायची, कारण वाळलेल्या पेस्टचे कण नव्या थराला पातळ होऊ देत नाहीत. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुणाकडेही ते असतं. आपल्याकडे एक काळजी जास्तीची घ्यावी लागते. हे अल्कोहोल हवेतलं पाणी शोषतं. जुलै महिन्यात झाकण उघडं टाकलेली बाटली आठ दिवसांत पूर्वीची राहत नाही. म्हणून लहान बाटली घ्यावी, लगेच बंद करावी, आणि पुसल्यावर पृष्ठभाग पूर्ण कोरडा होऊ द्यावा. पुसायला चष्म्याचं मऊ कापड उत्तम. धागे सुटणारा सुती बोळा नको. पुसल्यावर त्यावर बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा तिथे राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दाब. मुलीने एका बाजूचे दोन स्क्रू पूर्ण आवळायला घेतले, तेव्हा मी तिचा हात धरला. एक बाजू आधी दाबली की पेस्ट दुसऱ्या बाजूला पळते आणि तिथे जाड राहते. चारही थोडे-थोडे, कोपऱ्याच्या समोरचा कोपरा, असं करत न्यायचं. कूलर एकदा बसवला आणि काही कारणाने उचलावा लागला, तर पेस्ट तशीच ठेवून पुन्हा बसवायचा नाही. उचलताना पेस्टची कड्या-कड्यांची नक्षी उठते आणि त्यात हवा शिरते. पुसायचं, नवा ठिपका टाकायचा. पेस्ट वाया गेल्याचं दुःख बाळगू नये. एका सिरिंजमध्ये पुष्कळ मशीनं होतात.

काढण्याचीही रीत आहे, आणि ती लावण्याइतकीच मोलाची आहे. एएमडीच्या एएम४ खाचेत प्रोसेसर खालच्या पिनांवर बसतो. पेस्ट जुनी, घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही चिकटून उपटून येतो आणि नाजूक पिना वाकतात. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करायची, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा. ती सुटल्याचं हाताला जाणवतं. मग उचलायचा. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

पेस्ट कमी की जास्त, या प्रश्नावर मी बाजू घेतो ती किंचित जास्तची. जास्त झाली तर दाबाने कडेने बाहेर येते, दिसायला वाईट दिसते, साध्या पेस्टमधून वीज जात नसल्यामुळे नुकसान होत नाही. कमी पडली तर एखादा कोपरा कोरडा राहतो आणि नेमका त्याखाली प्रोसेसरचा तापणारा भाग असू शकतो. जास्त पेस्टने सगळं बिघडतं, हा समज जुन्या चांदीमिश्रित पेस्टच्या आणि उघड्या चिपच्या काळातून आलेला आहे. गॅलियमची मिश्रणं, ज्यांना लिक्विड मेटल म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. ती विजेची वाहक आहेत, एक थेंब मदरबोर्डवर सांडला तर बोर्ड जाऊ शकतो, आणि अॅल्युमिनियमला ती अक्षरशः पोखरून काढतात. घरच्या मशीनमध्ये ती वापरू नयेत असंच मी सांगतो. टूथपेस्टचा प्रयोगही करू नये. पहिल्या तासाभरात ती चांगली वाटते, मग तिच्यातलं पाणी उडून जातं आणि खडू उरतो.

जुना कूलर उचलल्यावर दोन्ही बाजूंना पेस्टचा जो ठसा दिसतो, तो बघणं हा या कामातला माझा सगळ्यांत आवडता क्षण. तो ठसा वाचता येतो. सगळीकडे सारखा, इतका पातळ की त्यातून धातूची चमक जाणवते, असा ठसा दिसला की आधीच्या अनोळखी माणसाच्या हाताला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पुसट, तर स्क्रू तिरके आवळले. मधोमध उघडं आणि कडेला तेलकट वर्तुळ, तर पेस्ट बाहेर ढकलली गेली. हे बाहेर ढकललं जाणं वर्षानुवर्षं चालतं. मशीन तापलं की धातू फुगतो, बंद केलं की आक्रसतो. दोन धातूंचं फुगणं सारखं नसतं, झाकण किंचित वाकतं-सरळ होतं, आणि प्रत्येक वेळी पेस्टमधलं तेल थोडं-थोडं कडेकडे सरकतं. मधे उरतो तो कोरडा भुगा, आणि भुग्याच्या कणांमध्ये पुन्हा तीच हवा. लॅपटॉपमध्ये हे लवकर होतं, कारण तिथे बहुधा झाकण नसतं, कूलर थेट चिपवरच टेकतो.

पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ पासून परम ब्रह्म हा महासंगणक आहे. तिथे प्रोसेसरवरच्या पट्ट्यांमधून पाणी फिरवून उष्णता नेली जाते. आमच्या टेबलाखालच्या खोक्यापासून ते फार दूर आहे. पण पाणी खेळवणारी पट्टी आणि प्रोसेसर यांच्यामधला सांधा तिथेही भरावाच लागतो. मशीन कितीही मोठं झालं तरी ती मधली जागा कुणाला चुकत नाही.

दहिसरमध्ये आणखी एक शत्रू आहे, धूळ. गेल्या काही वर्षांत इथे मेट्रोचं काम झालं. २ एप्रिल २०२२ ला गाडी सुरूही झाली. तिच्या मागोमाग जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास आला. आनंदनगर, कांदरपाडा, कुठेही बघा, एखादी इमारत पाडली जात आहे आणि शेजारची उभी राहत आहे. सिमेंटची ती बारीक धूळ दमट हवेत कूलरच्या पंखांवर बसते आणि फुंकरीने जात नाही, थापून राहते. पंखांमधली वाट बुजली की पेस्ट कितीही सुरेख लावलेली असो, उष्णता पुढे जायला जागाच राहत नाही. म्हणून पेस्ट बदलताना कूलर पूर्ण धुळीतून मोकळा करावा, ब्रशने, ब्लोअरने. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो वाऱ्याने भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. आणि कॅबिनेट त्या लाकडी खणातून बाहेर काढावं. तिथे गरम हवा कोंडून पुन्हा-पुन्हा आतच ओढली जाते. या एका बदलाने जेवढे अंश कमी होतात, तेवढे महागड्या पेस्टनेही होत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळा पडद्यावर आल्या, तेव्हा माळ्यावर टाकलेले किती संगणक खाली उतरले! एकाच घरात दोन मुलं आणि एकच मोबाइल, अशा घरांमध्ये तो जुना डबा म्हणजे आधार होता. सुरू व्हायचा, अर्ध्या तासाने बंद पडायचा. एका घरी दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं होतं, प्रोसेसर गेला, नवीन घ्या. त्या वेळी नवीन घेणं त्या घराला शक्य नव्हतं. दारात, मास्क लावून, मी तो उघडला. पेस्ट खडूसारखी भुरभुरीत झाली होती, कूलरच्या चार पायांपैकी एक सुटलेला होता. पुसलं, लावली, पाय बसवला. त्या मुलाची पाचवी त्याच मशीनवर पार पडली. त्या दिवसांत ज्यांच्याकडे जे कौशल्य होतं ते कुणाच्या तरी कामाला आलं, आणि माझ्याकडे हे होतं, याचा मला आनंद आहे.

दुरुस्तीवाल्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांना तासाला चार मशीनं उरकायची असतात, आणि जे गिऱ्हाईक बघत नाही, विचारत नाही, त्याच्यासाठी वेळ काढणं व्यवहारात बसत नाही. पण म्हणूनच गिऱ्हाइकाने विचारायला हवं. काहीशे रुपयांच्या पेस्टअभावी चांगलं चालणारं यंत्र भंगारात जातं, त्यातलं तांबं, सोनं, शिसं, प्लास्टिक कुठेतरी जाळून नाहीतर आम्लात बुडवून वेगळं केलं जातं, त्याचा धूर ते काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो, आणि इकडे घरात हप्त्यावर नवा संगणक येतो. यात शहाणपणाचं काहीच नाही.

तेव्हा तुमच्या घरातला संगणक दुपारी रेंगाळत असेल, पंखा सारखा घोंघावत असेल, आपोआप बंद पडत असेल, तर तो काढून टाकायचा निर्णय एक आठवडा पुढे ढकला. त्या आठवड्यात त्याला खणातून बाहेर काढा, वायर काढून उघडा, धूळ साफ करा. कूलर काढण्याची हिंमत होत असेल तर वर सांगितलंय तसं सावकाश करा. नसेल होत, तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण तिथे ठेवून येऊ नका. समोर उभे राहा आणि त्यांना सांगा: दादा, जुनी पेस्ट पूर्ण पुसा, नवी लावा, आणि कूलर बसवण्याआधी मला एकदा दाखवा.